प्रवाळांच्या टाकीत जेलीफिश नांदेल काय?

काचेच्या टाकीत समुद्राचा एक कोपरा उभा करण्याचा छंद आता शहरी दिवाणखान्यांत रुजू लागला आहे. खारे पाणी, सच्छिद्र खडक, निळसर दिवे आणि त्या खडकांतून ये-जा करणारे नारिंगी-पांढरे जोकर मासे असे ते दृश्य असते. ते पाहून घरातील मुलांचा पुढचा हट्ट बहुधा ठरलेला असतो : यात एखादी जेलीफिश सोडता येईल का? प्रश्न बालसुलभ असला, तरी एका सजीवाचे आयुष्य त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

जेलीफिश हा नावापुरताच मासा. तिला मेंदू नाही, हृदय नाही, रक्त नाही आणि हाडेही नाहीत. शरीराचा सुमारे ९५ टक्के भाग निव्वळ पाणी. प्रदर्शनांतून सर्वाधिक दिसते ती 'मून जेलीफिश'. चंद्रासारख्या फिकट, गोल छत्रीत चार कड्या उमटलेल्या दिसतात, त्यावरून ती ओळखावी. छत्री मिटत-उघडत ती पुढे सरकते खरी, पण जोराच्या प्रवाहाविरुद्ध पोहण्याचे बळ तिच्यात नाही. पाणी नेईल तिकडे जाणाऱ्या प्लवकांतच शास्त्रज्ञ तिची गणना करतात. गंमत अशी की प्रवाळ, समुद्रपुष्प आणि जेलीफिश ही तिन्ही एकाच संघातील मंडळी. भक्ष्याला डंख मारणाऱ्या सूक्ष्म दंशकोशिका तिघांकडेही असतात. नाते इतके जवळचे असूनही एका घरात मात्र भाऊबंदकी ठरलेली.

या भाऊबंदकीचे कारण टाकीच्या रचनेत आहे. प्रवाळ खडकाला चिकटून राहतात. अन्न आणि प्राणवायू त्यांच्यापर्यंत पोहोचावा म्हणून 'वेव्हमेकर' नावाचे पंप पाणी सतत घुसळत ठेवतात. मूळ धरून बसलेल्याला ही घुसळण मानवते. तरंगणाऱ्या जेलीफिशला मात्र तीच घातक ठरते. पंपाच्या तोंडाशी ओढली गेली की तिच्या चिंध्या होतात. त्यातून वाचलीच, तर खडकाच्या धारदार कडा छत्री फाडतात, प्रवाळ आणि समुद्रपुष्पे डंख मारतात, आणि एंजल किंवा बटरफ्लाय जातीचे मासे तिचे लचके तोडतात. चौकोनी टाकीचे कोपरेही तिचे वैरी. त्यांत अडकली की बाहेर पडणे तिला जमत नाही. सर्वांत अनपेक्षित शत्रू म्हणजे हवेचा बुडबुडा. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून सुटलेले बारीक बुडबुडे छत्रीखाली साचतात आणि त्या नाजूक ऊतीला भोके पाडतात. भरीस भर म्हणून तापमानाचा मेळही बसत नाही. प्रवाळांना २४ ते २७ अंश सेल्सिअसची ऊब लागते, तर मत्स्यालयांतील मून जेलीफिश बहुधा त्याहून बऱ्याच थंड पाण्यात ठेवतात. एकाच पाण्यात दोघांचेही समाधान कसे व्हावे?

म्हणून जेलीफिशसाठी वेगळीच टाकी लागते. जर्मन संशोधक वुल्फ ग्रेवे यांनी १९६०च्या दशकात प्लवक जोपासण्यासाठी तशी टाकी तयार केली. तिचे नाव 'क्रायझेल', म्हणजे जर्मन भाषेत भोवरा. आतून गोलाकार, कोपरा नसलेल्या या टाकीत पाणी संथपणे चक्राकार फिरते आणि प्राण्याला काचेपासून व जाळीपासून अलगद दूर ठेवते. पुढे अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे बे मत्स्यालयाने याच तत्त्वावर मोठ्या टाक्या उभारल्या आणि १९९२ मध्ये केवळ जेलीफिशचे प्रदर्शन भरवले. आज टेबलावर मावणाऱ्या लहान क्रायझेल टाक्याही मिळतात. परंतु त्यांत जेलीफिशखेरीज दुसरे काही ठेवायचे नसते. खडक नाही, प्रवाळ नाही, मासा नाही.

येथवर उत्तर 'नाही' असेच आहे. मात्र या नियमाला एक अपवाद आहे, आणि तो जपानमधील एका मत्स्यालयाने अगदी अकल्पितपणे अनुभवला. यामागाता प्रांतातील त्सुरुओका शहराचे कामो मत्स्यालय १९९७ साली जवळजवळ बुडीत खात्यात गेले होते. वर्षाचे प्रेक्षक ९२ हजारांच्या आसपास घसरले होते. संचालक तात्सुओ मुराकामी यांच्यापुढे कुलूप लावण्याखेरीज फारसा पर्याय उरला नव्हता. त्याच वर्षी तेथे जिवंत प्रवाळांचे प्रदर्शन मांडले होते. त्या टाकीत एके दिवशी काही मिलिमीटर आकाराचे तपकिरी ठिपके धडधडत फिरताना कर्मचाऱ्यांना दिसले. ती जेलीफिशची पिल्ले होती. कोणी ती आणून सोडली नव्हती. प्रवाळांबरोबर आलेल्या 'पॉलिप' या सूक्ष्म अवस्थेतून ती आपोआप जन्मली होती. कर्मचाऱ्यांनी त्यांना वाढवले आणि लोकांपुढे ठेवले, तेव्हा येणारे प्रेक्षक त्या टाकीपुढे खिळून राहू लागले. मत्स्यालयाने मग सगळे भांडवल याच एका प्राण्यावर लावले. २०१२ मध्ये सर्वाधिक जातींच्या जेलीफिश प्रदर्शित करण्याचा गिनीज विक्रम त्याच्या नावे झाला. २०१४ मध्ये नवी इमारत झाली. तेथे ५ मीटर व्यासाच्या गोल टाकीत हजारो मून जेलीफिश संथ फिरत असतात. ज्या संस्थेचे ताळेबंद कोणी हाती धरले नसते, तिला नखाएवढ्याही नसलेल्या त्या पाहुण्यांनी तारले.

त्या पाहुण्यांची जात होती 'कॅसिओपिया', अर्थात उलटी जेलीफिश. ही छत्री खाली आणि हात वर करून तळाच्या वाळूवर पडून राहते. तिच्या ऊतींत एकपेशी शैवल वस्ती करून असते. ते प्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. प्रवाळांची रीतही नेमकी हीच. त्यामुळे ऊबदार पाणी आणि प्रखर दिवे तिला मानवतात, आणि ती तरंगत नसल्याने पंपाकडे ओढली जाण्याचा धोकाही कमी. मेंदू नसलेला हा प्राणी रात्री झोपेसारख्या अवस्थेत जातो, हे २०१७ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी दाखवून दिले, हे येथे ओघाने सांगण्यासारखे.

तरीही कॅसिओपियाला प्रवाळांच्या गर्दीत बसवणे शहाणपणाचे नाही. ती डिवचली गेली की दंशकोशिकांचे सूक्ष्म गोळे असलेला चिकट स्राव पाण्यात सोडते. तिला स्पर्श न करताही शेजाऱ्यांना डंख बसतो. शिवाय ती तळहाताहून मोठी वाढते. मऊ वाळूचा मोकळा तळ, मंद प्रवाह आणि भरपूर प्रकाश असलेली स्वतंत्र टाकी हीच तिच्यासाठी योग्य जागा.

खर्चाची बाजू वीज, मीठ आणि थंड पाण्याच्या जातींसाठी लागणारा चिलर एवढ्यावर संपत नाही. जेलीफिशचे नेहमीचे खाद्य म्हणजे आर्टेमियाची नुकती जन्मलेली पिल्ले. अंडी खाऱ्या पाण्यात घालून साधारण एका दिवसात ती उबवायची आणि असंख्य संख्येने जिवंतच टाकीत सोडायची, हा रोजचा परिपाठ. कॅसिओपियाची काही गरज प्रकाश भागवतो, सगळी नाही. उपाशी ठेवले तर जेलीफिश आकाराने आक्रसत जाते. एका जीवाच्या शोभेसाठी दररोज असंख्य जीवांचा बळी द्यावा काय, हा विचार अहिंसेचा संस्कार असलेल्या घरात टाकी विकत घेण्यापूर्वीच व्हायला हवा, नंतर नव्हे.

कायद्याचेही भान हवे. २००१ पासून आपल्याकडील खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे. आपल्या समुद्रातून काढलेले प्रवाळ घरी ठेवणे हा गुन्हा ठरतो. पावसाळ्यात गिरगाव आणि जुहूच्या चौपाटीवर वाहून येणारे निळे फुगे बादलीत भरून आणण्याचा मोहही टाळावा. ते 'ब्लू बॉटल' म्हणून ओळखले जातात, ती खरी जेलीफिश नव्हेच आणि तिचा डंख चांगलाच झोंबतो.

ज्या घरी हट्ट उरतोच, त्यांच्यासाठी एक सोय आहे. मॉन्टेरे बे मत्स्यालय आपल्या जेलीफिशच्या टाकीचे थेट चित्रण इंटरनेटवर विनामूल्य दाखवते. कॅलिफोर्नियात दिवस उजाडतो तेव्हा आपल्याकडे रात्रीची जेवणे उरकत आलेली असतात. मुलांना झोपवण्यापूर्वीची दहा मिनिटे त्यासाठी पुरेशी आहेत.