कुकरमधला सफरचंदाचा केक

इंग्लंडच्या डॉर्सेट भागात सफरचंदाचा केक घरोघरी करतात. तोच आम्ही दौंडच्या गुळात केला. गटाची पहिलीच ऑर्डर, आणि केक मधोमध कच्चा! अंडी-लोणी वाया. चूक आमचीच, फळाला पाणी सुटतं, त्यात आम्ही वरून दूध ओतलं होतं.

आता अर्धी वाटी लोणी आणि वाटीभर किसलेला गूळ फेसतो, 2 अंडी, 2 वाट्या मैदा, दीड चमचा बेकिंग पावडर, शेवटी 2 आंबटसर सफरचंदांच्या बारीक फोडी. पीठ घट्ट दिसतं, घाबरू नका. कुकरमध्ये बोटभर मीठ, त्यावर स्टँड; पाणी अजिबात नको. शिट्टी आणि रबर आठवणीने काढा. 10 मिनिटं तापवून मंद आचेवर पाऊण ते एक तास. सुरी कोरडी निघाली की झाला. सुरकुतलेलं सफरचंदही चालतं, सडकं मात्र नको.