शिंपल्याच्या पोटातील शैवाल

बडोद्याच्या फतेगंजातून समुद्र दिसत नाही. परंतु याच बडोदे संस्थानच्या अमलाखाली ओखामंडळाचा किनारा होता, आणि तेथील शिंपल्यांपासून दौलतीस काही आमदनी होईल काय, याचा तपास करण्यासाठी सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी प्राणिशास्त्रज्ञास पाचारण केले होते. त्याच्या अहवालाचे दोन भाग १९०९ व १९१६ साली प्रसिद्ध झाले. शिंपल्यांची पैदास वाढवावयाची तर बीज कोठून तरी आणणे आले. त्या बीजाच्या पोटातून काय येते, हा प्रश्न मात्र विज्ञानाला पुष्कळ उशिरा पडला.

कालव तासाला कित्येक लिटर पाणी कल्ल्यांवरून गाळते व त्यातील सूक्ष्म शैवाल खाते. तथापि अलेक्झांड्रियमसारख्या विषारी जाती पोटात गेल्या म्हणजे पचतातच असे नाही: त्यांच्यातील काही पेशी भोवती कवच करून निपचित पडतात, विष्ठेबरोबर जिवंत बाहेर येतात आणि नव्या खाडीत पुन्हा पोहू लागतात. गाळात रुतणाऱ्या त्यांच्या पुटी तर वर्षानुवर्षे तग धरतात. या शैवालातील सॅक्सिटॉक्सिन हे विष स्नायू लुळे पाडते, आणि कालवण कितीही रटरटवले तरी नाहीसे होत नाही. १९८३ साली मंगळूरच्या बाजूस अशी विषबाधा झाली. १९९७ साली केरळातील विळिंजम येथे शिंपले खाऊन सात जण दगावले. हा माल परदेशी नव्हता हे खरे. पण एकदा शैवालाने घर केले म्हणजे किनाऱ्यावर काय ओढवते, हे त्यावरून कळते.

म्हणून परमुलखातून जिवंत शिंपले आणणाऱ्याने ते थेट खाडीत सोडू नयेत. निदान एक अहोरात्र गाळलेल्या पाण्याच्या टाकीत ठेवून त्यांचे पोट रिकामे होऊ द्यावे. त्यानेही धोका केवळ घटतो, संपत नाही. कागदोपत्री माल शिंपल्यांचा असला, तरी माझ्या मते खरी झडती घ्यावयाची ती त्या टाकीतील पाण्याची व तळच्या विष्ठेची, आणि निर्जंतुक केल्यावाचून ते पाणी गटारात सोडणे हा गुन्हाच समजला पाहिजे. चेन्नईजवळ नीलांकराई येथे परदेशी कोळंबीसाठी विलगीकरणाची व्यवस्था आहे. शिंपल्यांबाबतही तोच शिरस्ता हवा. प्रौढ शिंपल्यांऐवजी गाळीव पाण्यात वाढविलेले उबवणकेंद्राचे बीज आणणे अधिक शहाणपणाचे, कारण त्याच्या पोटातील चारा आपल्या माहितीचा असतो. रत्नागिरीच्या खाडीतील बीज सिंधुदुर्गात नेणाऱ्यासही हीच खबरदारी लागू आहे, मग वाटेत जकातनाका असो वा नसो.