चित्रकाराचे दुकान आणि दानाचा ओघ

कला विकावी की विकू नये, हा प्रश्न आपल्याकडे पुष्कळदा केवळ पावित्र्याच्या दृष्टीने मांडला जातो. आमच्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. कलावंताने स्वतःच्या निर्मितीतून छोटा व्यवसाय उभारला व त्यातून समाजकार्यास साहाय्य करावयाचे ठरविले, तर ते साहाय्य त्याच्या पश्चातही चालू राहावे यासाठी काय करावे? अमेरिकन चित्रकार कीथ हॅरिंग (१९५८–१९९०) यांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

हॅरिंग यांनी १९८० नंतर न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेस्थानकांत, रिकाम्या जाहिरात-फलकांवरील काळ्या कागदावर पांढऱ्या खडूने चित्रे काढली. ती पाहण्यासाठी कोणासही कलादालनात जावे लागत नसे. पुढे त्यांच्या चित्रांच्या किमती सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेल्या. तेव्हा १९८६ साली त्यांनी त्याच शहरात ‘पॉप शॉप’ नावाचे दुकान काढले. तेथे त्यांच्या रेखाकृती छापलेले टी-शर्ट, बिल्ले व भित्तिपत्रके अल्प किमतीत मिळत. कलेचा बाजार मांडला, अशी टीका झाली. परंतु कला मूठभर संग्राहकांची मिरास होऊ नये, ही त्यांची भूमिका होती.

१९८८ मध्ये त्यांना एड्स झाल्याचे निदान झाले. त्या काळी या रोगाने ग्रासलेल्या माणसास समाज दूर लोटत असे. १९८९ मध्ये हॅरिंग यांनी आपल्या नावाचे प्रतिष्ठान स्थापन केले. एड्सविषयक कार्य करणाऱ्या व मुलांसाठी झटणाऱ्या संस्थांना निधी आणि चित्रे पुरविणे, हा त्याचा हेतू होय. १६ फेब्रुवारी १९९० रोजी, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी ते निवर्तले. दुकान २००५ साली बंद झाले; प्रतिष्ठानाचे कार्य मात्र थांबले नाही.

असे का घडले? चित्रे छापण्याचे हक्क प्रतिष्ठानाकडे होते, आणि ती आपल्या मालावर वापरू इच्छिणारे उत्पादक त्यासाठी शुल्क देतात. दुकानातील माल संपतो. हक्क हे टिकणारे भांडवल आहे.

आपल्याकडील कलावंतांनीही हे ध्यानी घ्यावे. १९५७ च्या कायद्यानुसार भारतात चित्रावरील स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मूळ चित्र विकल्याने ते छापण्याचा हक्क आपोआप विकला जात नाही. तो हक्क द्यावयाचा तर लेखी करार लागतो. करारात मुदत नमूद नसल्यास ती ५ वर्षे धरली जाते. मात्र मोबदला घेऊन दुसऱ्याच्या मागणीवरून काढलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसल्यास, मागणी करणाऱ्याकडे जातो.

दुसरी बाब हिशेबाची. ‘उत्पन्नातून मदत’ असे मोघम लिहू नये. वाटा विक्री-किमतीचा की नफ्याचा, हे ग्राहकास आधी सांगावे. कारण नफा न झालेल्या वर्षी नफ्याचा वाटा शून्य असतो. कागद, रंग, छपाई यांबरोबर स्वतःच्या श्रमाचे मोलही खर्चात धरावे. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करून दोन उद्योगात घालण्यास व एक आपत्तीसाठी राखण्यास सांगितले आहे. हा विवेक येथेही लागू पडतो. व्यवसाय बुडाला तर त्यावर विसंबलेली संस्थाही उघडी पडते. म्हणून आपला उद्योग सुस्थितीत राखणे हेही दात्याचे कर्तव्यच होय.