टोमॅटोचा भाव तीन महिने आधी नर्सरीत ठरतो

कानात हेडफोन नसतील आणि नुसतं वाचत असाल तरी चालेल, आजचा एपिसोड तसाही आकड्यांचा आहे.

झालं असं की, पुण्यातल्या एका मित्राने मला स्क्रीनशॉट पाठवला. ॲपवर टोमॅटो 70 रुपये किलो, आणि खाली मेसेज : 'मजा आहे राव तुमची!' त्या दिवशी आमच्या वावरात टोमॅटोचं एकही झाड उभं नव्हतं. त्याला तसं कळवलं, तर म्हणाला, 'मग लावा ना लगेच.' आता ह्या 'लगेच'चं उत्तर एका मेसेजमध्ये बसत नाही, म्हणून हा एपिसोड.

आमची शेती जुन्नर तालुक्यात, सव्वादोन एकर. विहीर आहे, आणि कुकडीच्या कालव्याला आवर्तन सुटलं की विहिरीला पाणी वाढतं. अण्णा म्हणजे वडील, आई आणि धाकटा भाऊ रोज शेतात असतात. मी नोकरी करतो आणि शनिवार-रविवार क्रेट उचलतो. त्यामुळे इथे मी सांगतोय ते निम्मं अण्णांचं आहे, एवढं आधीच कबूल करतो.

सुरुवात 2023 पासून करतो, कारण तो उन्हाळा तुमच्याही लक्षात असेल. जुलैमध्ये टोमॅटो इतका महागला होता की मीम्स फिरत होते, आणि ऑगस्टमध्ये सरकारने नेपाळमधून टोमॅटो आणल्याची बातमी होती. पण त्याच वर्षी एप्रिल-मे महिन्यांत काय चाललं होतं, ते शहरात फारसं कोणाला माहीत नसतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला आम्ही 20 गुंठे टोमॅटो लावला होता. बेड पाडले, ठिबक अंथरलं, वर मल्चिंग पेपर टाकला, रोपं आणली, बांबू आणि तार घेऊन झाडं बांधली. पहिला टोमॅटो हातात येईपर्यंत लाखाच्या आसपास खर्च झालेला. एप्रिलच्या मध्याला तोडे सुरू झाले आणि भाव घसरायला लागला. मे महिन्यात 20 किलोचं क्रेट 60 रुपयांवर आलं. आता ह्या 60 रुपयांत काय काय आहे बघा. तोडणीची मजुरी क्रेटमागे 25-30 रुपये, टेम्पोचं भाडं 15, वर हमाली. राहिले दहा-बारा रुपये. आणि ह्याच झाडांना चार-पाच दिवसांनी औषध फवारायचं असतं, ते वेगळंच. म्हणजे एका पॉइंटनंतर टोमॅटो तोडणं हाच तोटा असतो. न तोडणं स्वस्त पडतं! रस्त्याच्या कडेला ओतलेल्या टोमॅटोचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ते रागाने ओतलेले असतातच, पण हिशोबानेही ओतलेले असतात.

20 मेच्या आसपास आम्ही तारा सोडल्या, बांबू काढले आणि रोटाव्हेटर फिरवला. आई त्या दिवशी शेतात आली नाही.

जुलैत नारायणगावच्या बाजारात क्रेट 2000च्या वर गेलं. गावात जो तो म्हणायचा, 'प्लॉट ठेवला असता तर!' हे मात्र खरं नाही. फेब्रुवारीत लावलेलं झाड जुलैपर्यंत दम धरत नाही, व्हायरसने आणि करप्याने ते आधीच संपतं. आमची खरी चूक वेगळीच होती. एप्रिलच्या शेवटी आम्ही दुसरी लागण करणार होतो. तिची तोडणी बरोब्बर जुलैत आली असती. पण एप्रिलमध्ये भाव बघून अण्णांनी रोपांची ऑर्डर रद्द केली. आणि तशी ती तालुक्यात किती जणांनी रद्द केली असेल, विचार करा. म्हणूनच तर जुलैत माल नव्हता. आम्ही सगळ्यांनी मिळून तो भाव वर नेला आणि त्यात आमच्यापैकी बहुतेकांकडे विकायला काहीच नव्हतं.

पुढची गंमत ऐका. जूनच्या शेवटी भाव उठायला लागल्याबरोबर भाऊ हट्टाला पेटला. ओळखीने, जास्त पैसे देऊन रोपं मिळवली आणि 10 जुलैला लागण केली. सप्टेंबरच्या मध्याला पहिला तोडा. तोवर क्रेट शंभराच्या आसपास आलं होतं, कारण जून-जुलैत भाव बघून ज्यांनी ज्यांनी लावला, त्या सगळ्यांचा टोमॅटो एकाच वेळी लाल झाला.

ह्याच्यामागचं गणित सोपं आहे, फक्त ते उलटं वाचावं लागतं. बी टाकल्यापासून रोप तयार व्हायला 25-30 दिवस. लावल्यापासून पहिल्या तोड्याला 60-65 दिवस. म्हणजे आज भाव बघून निर्णय घेतला तर माल तीन महिन्यांनी बाजारात. आजचा भाव तीन महिन्यांपूर्वी लोकांनी काय लावलं त्याचा असतो, तीन महिन्यांनंतरच्या भावाबद्दल तो काहीच सांगत नाही. उलट, भाव चांगला असला की सगळे लावतात, म्हणजे थोडाफार इशाराच देतो.

म्हणून भाऊ आता भाव नंतर बघतो, आधी नर्सरीत फोन करतो. एखाद्या भाजीच्या रोपाला महिन्याभराचं वेटिंग असेल तर ती लावायची नाही, किंवा कमी लावायची. नर्सरीवाला स्वतःहून फोन करून 'रोपं शिल्लक आहेत, कमी करून देतो' म्हणाला, की भाऊ कान टवकारतो. हे दर वेळी बरोबर येतं असं नाही. आपल्या तालुक्याचा अंदाज लागतो, पण नाशिकमध्ये किंवा कर्नाटकात कोलारकडे किती लागण झाली ते आपल्या नर्सरीवाल्याला कसं कळणार?

मग तुम्ही म्हणाल, सगळ्यांनी उलटं वागायचं ठरवलं तर? नाही वागता येत, कारण मधे हवामान बसलंय.

उन्हाळ्यात पारा 35च्या वर गेला आणि रात्रीही गरम राहिल्या की टोमॅटोची फुलं गळतात, फळ धरतच नाही. त्यात पांढरी माशी व्हायरस पसरवते. मे महिन्यात विहीर तळाला जाते आणि कालव्याचं आवर्तन कधी सुटेल ते आपल्या हातात नसतं. पावसाळ्यात पान ओलं राहिलं की करपा आलाच. चार दिवस झड लागली तर फवारलेलं औषध धुऊन जातं आणि पुन्हा फवारायला वावरात पाय ठेवता येत नाही. मोकळ्या जमिनीवरची कोथिंबीर तर एका जोरदार पावसात झोपते आणि दोन दिवसांत सडते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये भाजी महाग असते. ज्याची वाचली त्याला पैसे मिळतात. पण वाचेल की नाही हा जुगार आहे, आणि त्या जुगारात उतरायला आधी खिशात लाखभर रुपये लागतात.

हिवाळा उलटा. भाजीला सगळ्यात मानवणारा काळ. मेथी जोमात, कोबी-फ्लॉवर टंच, पालक हिरवागार. आमचं वावर वर्षभरात सगळ्यात देखणं दिसतं ते डिसेंबर-जानेवारीत, फोटो काढावेत असं. आणि खिसा बहुतेक वेळा तेव्हाच रिकामा असतो. कारण आपलं चांगलं आलं म्हणजे सगळ्यांचंच चांगलं आलेलं असतं, अगदी परड्यात दोन वाफे लावणाऱ्याचंसुद्धा. मेथीचा शेकडा, म्हणजे 100 जुड्या, 300 रुपयांना दिलाय आम्ही. तीन रुपयाला जुडी. उपटायची, माती झाडायची, जुडी बांधायची आणि बाजारात न्यायची, ह्या सगळ्याचे मिळून तीन रुपये. तीच पालेभाजी पावसाळ्यात शेकड्याला दहापट जाते.

तरीही पालेभाजी आम्ही सोडत नाही. मेथी महिन्याभरात निघते, कोथिंबीर चाळीस-पंचेचाळीस दिवसांत. फटका बसला तरी तो छोटा असतो आणि महिन्याने पुन्हा डाव मांडता येतो. आई ह्याला 'दुधाचा पगार' म्हणते, थोडाच पण येत राहणारा. कधीकधी व्यापारी उभं वावरच उक्तं मागतो. म्हणजे काढणी त्याची, वाहतूक त्याची, आम्हाला ठरलेली रक्कम रोख. अण्णांना हे पटत नाही, त्यांना वाटतं आपण स्वतः नेली तर चार पैसे जास्त मिळतील. मला विचाराल तर पावसाळ्यात ढग भरून आलेले असताना उक्तं देऊन टाकावं आणि रात्री झोपावं.

हवामानाशिवाय आमच्याकडे अजून एक कॅलेंडर चालतं, सणांचं. श्रावणात मटण-मासे बंद, भाजीला मागणी. पितृपक्षात गवार, भेंडी, कारलं, अळूची पानं लागतात, आणि नेमकी त्याच वेळी पावसाने भाजी कमी असते, त्यामुळे गवारीला कधी नव्हे तो मान मिळतो. वांग्याला चंपाषष्ठीपासून उठाव, आणि जानेवारीत भोगीच्या आदल्या दोन दिवसांत वांगी, गाजर, पावटा, हरभरा काहीही न्या, विकलं जातं. तिसऱ्या दिवशी तेच वांगं कोणी विचारत नाही! गवार पहिल्या तोड्याला यायला दोन महिने लागतात, म्हणून पितृपक्षाची तारीख बघून आई जुलैत बी टोकते. आमच्या शेतातला सगळ्यात भरवशाचा निर्णय हाच असतो, आणि तो पंचांग बघून घेतला जातो.

पण शेतकऱ्याच्या घरातला सगळ्यात कडक सीझन कोणता, असं विचारलं तर मी पाऊस किंवा ऊन म्हणणार नाही. मी 31 मार्च म्हणेन. सोसायटीचं पीक कर्ज तोवर भरलं तर व्याजात सवलत मिळते आणि नवीन कर्ज मिळतं. आता बघा, हिवाळ्यात भाव नसतो, उन्हाळी टोमॅटोचे पैसे एप्रिलनंतर, आणि भरायचं मार्चमध्ये. मग हातउसने घ्यायचे, कर्ज भरायचं, नवीन उचललं की हातउसने फेडायचे. खतं-औषधांच्या दुकानाची उधारी वेगळी, ती पट्टी आली की द्यायची. 2023 मध्ये दोन्ही टोमॅटो बसले तेव्हा ती उधारी आम्ही दीड वर्ष फेडत होतो. आईच्या पाटल्या त्या काळात सोसायटीत नव्हत्या आणि घरातही नव्हत्या, एवढंच सांगतो.

त्यानंतर घरात एक नियम झाला. टोमॅटो लावायचा, पण 20 गुंठे एकदम नाही. दहा गुंठे फेब्रुवारीत, दहा एप्रिलच्या शेवटी, आणि दुसरी लागण पहिलीचा भाव बघून रद्द करायची नाही. बांबू, तार आणि ठिबक दोन्हीकडे तेच वापरून खर्च थोडा खाली आणायचा. पाच-पाच गुंठ्यांत मेथी-कोथिंबीर दर पंधरा दिवसांनी टाकत राहायची. गवार आईची. असं केल्याने जुलैत 2000चं क्रेट लागलं तरी आम्ही करोडपती होणार नाही, दहा गुंठ्यांत कोण होतं! पण मे महिन्यात 60 रुपये झाले तरी पाटल्या जाणार नाहीत, असा अंदाज आहे. अण्णांना हे रडीचं वाटतं. त्यांच्या मते शेती म्हणजे एकदा तरी 'लागली' पाहिजे. भाऊ म्हणतो, तुम्हाला लागलेली मी एकदाच बघितली, तेव्हा मी चौथीत होतो.

तर त्या मित्राला मी शेवटी हाच सगळा व्हॉइस नोट पाठवला, साडेनऊ मिनिटांचा. त्याने तो दोनच्या स्पीडवर ऐकला आणि विचारलं, 'मग आत्ता काय लावताय?'

काल भावाने नर्सरीत फोन केला होता. टोमॅटोला पाच आठवड्यांचं वेटिंग आहे. आम्ही काकडी लावतोय.