माळ्यावरचा टीव्ही आणि वस्तीमागचा धूर

जयंती जवळ आली की आपल्या वस्त्यांत घरे झाडायला, रंगवायला निघतात. माळा रिकामा करताना दरवर्षी तेच सामान खाली येते. बंद पडलेला डबा टीव्ही, बटणांचे दोन-तीन मोबाईल, चार्जरचा गुंता, जळालेला मिक्सर, फुगलेली बॅटरी. टाकवत नाही आणि ठेववतही नाही. शेवटी टीव्ही भंगारात जातो, सेल आणि बल्ब घंटागाडीत, आणि उरलेल्या वायरी पोरे वस्तीच्या मागे नेऊन पेटवतात. वरचे रबर जळाले की आतले तांबे मोकळे होते आणि तांब्याला भाव मिळतो. पेठ वडगाव असो की शेजारचे कुठलेही गाव, हा उद्योग कुणी शिकवावा लागत नाही.

आज या पानावर त्या धुराविषयी बोलायचे आहे.

आपण ज्याला रबर म्हणतो ते बहुधा पीव्हीसी नावाचे प्लास्टिक असते. ते उघड्यावर जळताना डोळे आणि घसा झोंबवणारा आम्लाचा वायू निघतो. तो कळतो तरी. त्याच्याबरोबर डायॉक्सिन नावाची विषे तयार होतात, ती कळत नाहीत. ती शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षे साठून राहतात आणि कर्करोगाचा धोका वाढवतात. जुन्या वायरींच्या आवरणात शिसेही असते. धूर विरून जातो, पण राख मातीत राहते. त्याच मातीत लहान मूल खेळते आणि दारातली कोंबडी चोच मारते. घाना देशात आक्रा शहरातल्या अ‍ॅगबॉगब्लोशी या भागात वर्षानुवर्षे अशाच वायरी जाळल्या गेल्या. तिथल्या मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांची अंडी २०१९ साली तपासली, तर त्यांत डायॉक्सिनचे प्रमाण भयंकर निघाले. गावरान अंडे म्हणून आपण जे कौतुकाने पोराला देतो, त्यातूनही हे विष पोटात जाऊ शकते.

शिशाचे थोडे अधिक सांगतो, कारण त्याचा फटका मुलांच्या बुद्धीला बसतो. रक्तात शिसे किती असले तर चालेल, असे कुठलेही सुरक्षित प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोठ्या माणसाच्या पोटात जितके शिसे मुरते, त्याच्या चार-पाच पट लहान मुलाच्या अंगात मुरते. ज्या मुलाच्या अंगात लोह कमी, त्याचे शरीर शिसे आणखी ओढून घेते. आपल्या घरांत रक्त कमी असलेली मुले आणि बाया किती आहेत, हे वस्तीत येणाऱ्या आशाताईंना विचारा. शिशामुळे मूल एकदम आजारी पडत नाही. ते अभ्यासात मागे पडते, चिडचिड करते, आणि आपण मास्तरांना किंवा मुलालाच दोष देतो. जुन्या डबा टीव्हीच्या काचेतच किलो-दीड किलो किंवा त्याहून जास्त शिसे असते. टीव्ही शाबूत आहे तोवर ते काचेत बंद असते. तांब्याच्या कॉइलसाठी दगडाने टीव्ही फोडला की ते धुळीत येते. मोबाईल-कॉम्प्युटरच्या बोर्डातून सोने काढणारे तर अ‍ॅसिड वापरतात. अ‍ॅसिडची वाफ छातीचे काय करते, ते चांदीच्या भट्टीवर राबलेल्या माणसाला सांगायला नको.

२०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला. त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातला बराचसा गरिबाच्या हातांनी फोडला जातो, आणि आपल्या देशात ते हात कोणत्या जातींचे असतात हे वाचकांना सांगायची गरज नाही. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी आपल्या माणसांना हीन ठरवलेली कामे सोडायला सांगितले. मेलेली ढोरे ओढणे आपण सोडले. मग मेलेल्या टीव्हीचे विष आपल्याच पोरांनी का काढावे? भंगार गोळा करणाऱ्या भावा-बहिणींवर माझा राग नाही. ते शहराची सेवाच करतात. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कष्टकऱ्यांना संघटित करते आहे. माल गोळा करणे, विकणे यात धोका थोडा आहे. मुख्य धोका फोडण्यात आणि जाळण्यात आहे.

मग करायचे काय? वस्तू चालत असेल तर ती कचरा नाही. जुना मोबाईल एखाद्या विद्यार्थ्याला द्या, मात्र आधी सिम आणि मेमरी कार्ड काढा, बँकेचे व पैसे पाठवायचे अ‍ॅप पुसून टाका. नवीन वस्तू घेताना जुनी दुकानदाराला बदल्यात द्या. इन्व्हर्टरची किंवा गाडीची बॅटरी तर बॅटरीच्या दुकानातच परत करावी. पैसेही मिळतात. शिशासाठी ती घरी फोडू नका. उरलेली वस्तू भंगारात द्यायचीच असेल तर अख्खी द्या. वस्तूवर चाकाच्या कचरापेटीवर फुली मारलेले चित्र असते, त्याचा अर्थ ही नेहमीच्या कचऱ्यात टाकू नका असा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्वापराची जबाबदारी माल बनवणाऱ्या कंपनीवर टाकली आहे. म्हणून कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून 'जुनी वस्तू कुठे देऊ' असे विचारणे हा आपला हक्क आहे. नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांची माहिती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते. मंडळाचे कार्यालय कोल्हापुरात आहे.

सीएफएल बल्ब आणि ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. बल्ब फुटला तर मुलांना बाहेर काढा, दारे-खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटे थांबा. झाडू मारू नका, पारा पसरतो. जाड पुठ्ठ्याने तुकडे उचला, बारीक कण चिकटपट्टीने टिपा आणि झाकणाच्या बरणीत बंद करा. घंटागाडीला तो ओल्या-सुक्यात न मिसळता घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्या. २०१६ च्या नियमांपासून असे वेगळे करणे बंधनकारक आहे.

रिमोट, घड्याळ, खेळणी यांतला बटणासारखा चपटा सेल मुलाने गिळला तर वेळ घालवू नका. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत भाजून जखम करू शकतो. उलटी करवू नका, सरळ रुग्णालय गाठा, आणि तसलाच दुसरा सेल असेल तर डॉक्टरांना दाखवायला सोबत घ्या.

एकट्या घराचे चार सेल आणि दोन चार्जर न्यायला कुणी येणार नाही. म्हणून विहारात एक पेटी ठेवावी, महिला मंडळाने ती सांभाळावी, आणि भरली की नगरपरिषदेला पत्र देऊन किंवा पुनर्वापर करणाऱ्याला फोन करून ती उचलायला लावावी. पत्राची पोच घ्या. पेटी झाकणाची आणि कोरड्या जागी असावी, मुलांच्या हाती लागू नये. फुगलेली मोबाईल बॅटरी त्यात टाकू नका, ती दाबली गेली तर पेट घेते. ती वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात वेगळी ठेवा.