हायब्रिड स्ट्रिंगिंग: उभी कोणती, आडवी कोणती?

सातारा-सांगलीच्या टेनिसप्रेमींनो, रॅकेटला एकाच प्रकारची स्ट्रिंग लावायचं बंधन नाही! मिरजेच्या तानपुऱ्यात जोडीच्या तारा पोलादी आणि खर्जाची पितळी असते. रॅकेटमध्येही असा मेळ जमतो.

फटक्यावर जास्त प्रभाव उभ्या स्ट्रिंगचा पडतो, म्हणून ती आधी ठरवा.

🎾 स्पिन आणि नियंत्रण हवं: उभी पॉली (पॉलिएस्टर), आडवी सिंथेटिक गट (नायलॉनची).
🎾 ताकद आणि हाताला आराम हवा: उभी मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांची), आडवी पॉली. फेडररची उभी नॅचरल गट (आतड्याची) असायची, आडवी पॉली.
🎾 पॉलीचा ताण दुसऱ्या स्ट्रिंगपेक्षा २ ते ४ पौंड कमी ठेवा.
🎾 नॅचरल गटला ओल सोसत नाही. पावसाळ्यात मल्टिफिलामेंट बरी.
🎾 कोपर दुखत असेल तर पॉली टाळाच.

पॉली तुटायची वाट पाहू नका. ताण उतरला की बदला.