मिनिटांची गाडी, दिवसांचं घर

अमेरिकेतल्या बहुतेक रुग्णवाहिकांच्या अंगावर एक छोटं झाकण असतं आणि त्याखाली विजेचं सॉकेट. गाडी स्टेशनात उभी असली की भिंतीतून आलेली केबल त्यात खोचलेली असते आणि बॅटऱ्या भरत राहतात. बोलावणं आलं की ड्रायव्हर आत बसून सेल्फ मारतो. त्याच क्षणी सॉकेटमधला दट्ट्या प्लगला बाहेर ढकलून देतो. आतला स्विच आधी प्रवाह तोडतो, मग प्लग सुटतो, त्यामुळे ठिणगी उडत नाही. उतरून केबल काढायला जे काही सेकंद लागले असते ते वाचवण्यासाठी कुणीतरी एवढी मेहनत घेतली आहे.

या सॉकेटमध्ये त्या गाडीचा अख्खा स्वभाव दिसतो. ती मिनिटांसाठी बांधलेली असते: निघायचं, रुग्णाला उचलायचं, वाटेत सांभाळायचं, दवाखान्यात सोपवायचं. अशी गाडी निवृत्त झाली की लिलावात घेऊन तिचं फिरतं घर करणारी बरीच मंडळी अमेरिकेत आहेत. घर दिवसांच्या हिशोबाने चालतं. मिनिटांचं यंत्र दिवसांचं करायचं म्हणजे काय काय करावं लागतं, हे बघायला लागलं की माणूस थक्क होतो.

आधी ही गाडी आली कुठून, ते पाहू. १९६६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला. देशातली जवळपास निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यविधीचा व्यवसाय करणारे सुमारे १२,००० लोक चालवतात, असं त्यात नोंदवलं होतं. कारण साधं होतं: माणूस आडवा झोपवता येईल एवढी लांब गाडी त्यांच्याकडेच असायची. शववाहिकेतून जिवंत माणूस नेला जायचा, आणि आत वाकून बसलेल्या मदतनीसाला हात हलवायलाही जागा नसायची. त्या अहवालानंतर चक्रं फिरली. १९७४ मध्ये केंद्र सरकारने रुग्णवाहिकेचं पहिलं सविस्तर मानक काढलं, आणि त्यात गाड्यांचे तीन प्रकार ठरले. ट्रकच्या चासीवर बसवलेला स्वतंत्र डबा हा पहिला, अख्खी व्हॅन हा दुसरा, आणि व्हॅनचं फक्त पुढचं तोंड ठेवून मागे डबा जोडलेला तिसरा.

फिरतं घर करणाऱ्यांचा जीव जडतो तो या डब्यावर. ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांचा सांगाडा जोडून त्यावर ॲल्युमिनियमचेच पत्रे चढवलेले असतात. गाडी उलटली तरी आतली माणसं चिरडू नयेत, म्हणून गाडीच्या वजनापेक्षा जास्त भार छतावर टाकून या रचनेची चाचणी घेतात. आत उभं राहता येतं, कारण उभं राहिल्याशिवाय रुग्णावर नीट उपचार होत नाहीत. भिंतींत उष्णतारोधक थर असतो. बाहेरच्या बाजूला कुलपाची खोल कपाटं असतात, आणि आतला प्रत्येक पृष्ठभाग पुसून स्वच्छ होईल असा निवडलेला असतो. चासीची शक्ती संपली की तोच डबा उचलून नव्या चासीवर बसवण्याची रीत तिथे रूढ आहे: शंख जुनाच, आत खेकडा नवा.

इंजिनाची गोष्ट मात्र जपून ऐकावी लागते. लिलावातल्या रुग्णवाहिकेचं मैलांचं मीटर पुष्कळदा खूश करतं, कारण तिची धाव गावापुरती असते. पण अपघाताच्या जागी, दवाखान्याच्या दारात, उन्हात आणि बर्फात ती तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभी असते. फोर्डच्या हिशोबात उभ्या इंजिनाचा एक तास म्हणजे २५ ते ३३ मैल धावल्याइतकी झीज. म्हणून जाणकार माणूस मैल वाचण्याआधी इंजिनाच्या तासांचं मीटर शोधतो.

इंजिन इतकं चालू का ठेवतात? विजेसाठी. आणि मला सगळ्यात जास्त भुरळ पडते ती या विजेची.

डब्यातलं विजेचं कपाट उघडलं की आत फ्यूज, रिले आणि ब्रेकर यांच्या रांगा दिसतात. वायरीवर ती कशाची आहे ते छापलेलं असतं, आणि तेही टोकाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर नाही, पूर्ण लांबीभर ठरावीक अंतरावर. वायर कुठेही हातात आली तरी तिची ओळख पटते. मध्यरात्री एखादा दिवा गेला तर मेकॅनिकने अंदाज बांधत बसू नये, ही त्यामागची तळमळ. पुष्कळ गाड्यांत इंजिनाच्या बळावर वीज बनवणारे दोन अल्टरनेटर असतात. रक्तदाब मोजणारी, श्वास देणारी, घशातला स्राव ओढून काढणारी यंत्रं, वातानुकूलन आणि बाहेरचे झगझगीत दिवे एकदम चालले की बॅटरीचा व्होल्टेज उतरू लागतो. हे गाडीतलं एक सर्किट ओळखतं आणि ड्रायव्हरने पाय न लावता इंजिनाची रेस वाढवतं.

म्हणजे वीज भरपूर, पण इंजिन चालू असेपर्यंतच. मुक्कामाला रात्रभर इंजिन घरघरत ठेवता येत नाही. धूर, आवाज, डिझेल, सगळ्याच दृष्टीने ते वाईट. तेव्हा वीज बनवणाऱ्या गाडीला वीज साठवायला शिकवणं हे रूपांतराचं पहिलं मोठं काम.

साठवायला आज बहुतेक जण लिथियम लोह फॉस्फेटच्या बॅटऱ्या वापरतात. हे रसायन बॅटरीत चालतं, हे दाखवणारा निबंध १९९७ साली टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झाला. लेखक होते अक्षय पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ. गुडइनफ यांना लिथियम बॅटऱ्यांवरच्या कामासाठी २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी नोबेल मिळालं. या रसायनात ऑक्सिजनचे अणू फॉस्फरसशी इतके घट्ट बांधलेले असतात की बॅटरी तापली तरी ते सहजी सुटत नाहीत, म्हणून आगीचा धोका इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षा बराच कमी. आता गंमत बघा. रुग्णवाहिकेत ऑक्सिजनच्या मोठ्या सिलिंडरसाठी एक भक्कम, हवा खेळती ठेवणारं कपाट असतं. सिलिंडर निघाला की पुष्कळ जण त्याच कपाटात बॅटऱ्या बसवतात. जिथे प्राणवायू सोडण्यासाठी ठेवलेला होता, तिथे आता प्राणवायूला न सोडणारं रसायन येऊन बसतं.

अशा एका सेलचा व्होल्टेज ३.२. चार सेल ओळीने जोडले की १२.८. दोनशे अँपिअर-तासांची बॅटरी घेतली तर साठा झाला २,५६० वॉट-तास. आता दिवसाचा खर्च मांडू. बारा व्होल्टवर चालणारा छोटा फ्रिज ५०० च्या आसपास, रात्रभर पंखा १६०, लॅपटॉप आणि फोन १५०, दिवे ६०, पाण्याचा पंप जेमतेम १०. बेरीज ८८०. सूर्यदर्शन झालं नाही तरी जवळपास तीन दिवस निघतात, आणि छतावर सौर पॅनेल असतील तर मुक्काम आणखी लांबतो. तीन दिवस हा आकडा मला फार सुंदर वाटतो, कारण याच गाडीचं आधीचं आयुष्य अर्ध्या-पाऊण तासाच्या फेऱ्यांमध्ये गेलेलं असतं.

इथे दोन खोड्या सांभाळाव्या लागतात. ही बॅटरी रिकामी असताना मिळेल तितका प्रवाह ओढते. थेट अल्टरनेटरला जोडली तर अल्टरनेटर तापून जळू शकतो, म्हणून मध्ये प्रवाहाला लगाम घालणारा चार्जर लागतो. दुसरी खोड थंडीची. शून्य अंशाखाली ती चार्ज केली तर लिथियम आत मुरण्याऐवजी इलेक्ट्रोडवर धातूच्या थरासारखं साचतं, आणि बॅटरी कायमची बिघडते. घर उबदार ठेवायचं ते माणसांइतकंच बॅटरीसाठीही.

आणि वायर! आपल्या घरात २३० व्होल्टवर २,००० वॉटची शेगडी ९ अँपिअरच्या आतबाहेर घेते. तीच शेगडी इन्व्हर्टर लावून १२.८ व्होल्टच्या बॅटरीवर चालवली तर बॅटरीकडून दीडशेहून जास्त अँपिअर ओढले जातात. वायरीत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. तीच वायर, तेवढीच लांबी, तर उष्णता तीनशे पटींहून अधिक. म्हणून बॅटरी ते इन्व्हर्टर ही केबल अंगठ्याएवढी जाड आणि जमेल तितकी आखूड हवी, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी अंगाला हवा. फ्यूज दूर ठेवला तर मधल्या केबलचं रक्षण करणारं कुणीच उरत नाही.

आता पाणी. रुग्णवाहिकेत वीज इतकी उदंड असते, पण पाण्याच्या बाबतीत शून्यापासून सुरुवात. दवाखाना जवळ असतो, तिथे नळ असतो, गाडीत कशाला? तेव्हा टाकी, पंप, नळ, सिंक आणि सांडपाण्याची दुसरी टाकी, सगळं नव्याने बसवायचं.

लिटरला किलो या हिशोबाने शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलोंचं ओझं, आणि ते डचमळणारं. वळणावर पाणी एका बाजूला धावलं तर गाडीही तिकडे कलते. म्हणून टाकी खाली, चाकांच्या जवळ, आणि मोठी असेल तर आत आडव्या पट्ट्या हव्यात. बाहेरची कपाटं मोहात पाडतात, पण थंड मुलखात तिथे टाकी ठेवू नये. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, आणि त्या फुगण्यापुढे पाइप, जोड, पंप काहीच टिकत नाही.

पंप लहानसा, बारा व्होल्टचा. त्याच्या अंगावर दाबाची जाण असलेला स्विच असतो. नळ बंद असताना पाइपातलं पाणी दाबाखाली उभं राहतं आणि पंप गप्प असतो. नळ उघडला की दाब उतरतो, स्विच लागतो, पंप सुरू होतो. नळ बंद केला की दाब चढून पंप आपोआप थांबतो. कुणीही नळाला हात लावलेला नसताना रात्री पंप मधूनच क्षणभर टकटकला, तर समजावं की कुठेतरी थेंब थेंब गळती आहे किंवा पंपाचा व्हॉल्व्ह पाणी मागे सोडतो आहे. गळती शोधायचं याहून सोपं यंत्र मला माहीत नाही.

याच पंपाने मला एक हिशोब शिकवला. टाकीतलं एक लिटर पाणी नळापर्यंत आणायला एका वॉट-तासाचा पाचवा हिस्सा पुरतो. तेच लिटर वीस अंशांवरून उकळीला न्यायला ९३ लागतात, म्हणजे साडेचारशे पटींहून जास्त. पाणी हलवणं जवळपास फुकट, तापवणं भयंकर महाग. छोट्या घरात राहणारा माणूस हे पहिल्याच आठवड्यात शिकतो आणि चहा गॅसवर ठेवतो.

पण अंघोळीच्या पाण्यासाठी या डब्यात एक देणगी आधीच असते. रुग्णाला ऊब मिळावी म्हणून इंजिनाचं गरम कूलंट जाड होजमधून मागच्या हीटरपर्यंत आणलेलं असतं. त्याच होजला फाटा देऊन पाण्याच्या छोट्या बंबातून वेटोळं फिरवलं, की अर्धा-पाऊण तास गाडी चालवल्यावर बंब तापतो. डिझेलमधली निम्म्याहून जास्त ऊर्जा एरवी उष्णता होऊन हवेत जाते. तिच्यातलीच थोडी आपण वळवून घेतली. हे पाणी अंग भाजण्याइतकं तापू शकतं, म्हणून नळाआधी थंड पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह लावायला विसरू नये.

आणखी एक पाणी असतं, न मागितलेलं. दोन माणसं रात्रभरात श्वासावाटे पाव लिटरच्या आसपास वाफ सोडतात, आणि थंड ॲल्युमिनियम गाठलं की तिचं दव होतं. रुग्णवाहिकेत बहुधा हवा बाहेर फेकणारा पंखा असतो, संसर्गाच्या काळजीने बसवलेला. तो काढून टाकू नये. मंद चालू ठेवला तर भिंती कोरड्या राहतात.

पलंगाला फार शोधावं लागत नाही. एका बाजूला सहा फुटांच्या आसपास लांबीचं बाक असतं, दुसरा रुग्ण निजवता यावा म्हणून. स्ट्रेचर निघाल्यावर मोकळ्या झालेल्या जमिनीवर त्याची रुंदी वाढवली की दोघांची सोय होते. छताला लावलेली पकडायची दांडी, जिला धरून कुणीतरी धावत्या गाडीत रुग्णाची छाती दाबत उभं राहिलं असेल, तिच्यावर आता टॉवेल वाळतात. मला ती दांडी काढावीशी वाटणार नाही.

काढावं लागतं ते दुसरंच. सायरन, लाल दिवे, आरशात सुलटं दिसावं म्हणून उलटं लिहिलेलं नाव आणि तो सहा हातांचा निळा तारा. हे चिन्ह अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा प्रशासनातले लिओ श्वार्ट्झ यांनी तयार केलं, कारण आधी वापरात असलेला नारिंगी क्रूस रेड क्रॉसच्या चिन्हाशी फारच मिळताजुळता होता. १९७७ मध्ये त्याची नोंदणी झाली. सहा हात म्हणजे मदतीचे सहा टप्पे: ओळखणं, कळवणं, पोहोचणं, जागेवर उपचार, वाटेत उपचार आणि दवाखान्याच्या हवाली करणं. खासगी गाडीवर ते मिरवणं चुकीचं, कारण रस्त्यावर कुणीतरी मदतीच्या आशेने धावत येऊ शकतं.

योगायोगाने अमेरिकेच्या वाहन नियमांत फिरत्या घराची व्याख्याही सहा गोष्टींची आहे. स्वयंपाकाची सोय, फ्रिज किंवा बर्फाची पेटी, शौचालय, उष्णता किंवा थंडाव्याची सोय, नळ-सिंकसह पिण्याचं पाणी, आणि ११० ते १२५ व्होल्टची स्वतंत्र वीज किंवा गॅस. यांतल्या कोणत्याही चार असल्या की पुरे.

आपल्याकडे वाहनांच्या अशा मानकांच्या पुस्तिका पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या संस्थेकडून निघतात. त्यांत मोटार कॅरॅव्हॅनची संहिता एआयएस-१२४ आहे आणि रुग्णवाहिकेची एआयएस-१२५. दोघी शेजारीच आहेत, पण एकीतून दुसरीत जाणं मालकाच्या मर्जीवर नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीत लिहिलेल्या रचनेत मनाने बदल करता येत नाही. त्यामुळे आपल्याकडे कुणाला भंगारात निघालेली रुग्णवाहिका पाहून हात शिवशिवले, तर त्याने टाकी आणि बॅटरीचं माप घेण्याआधी आरटीओत जाऊन चौकशी करावी.